दोन थेंब खोबरेल

"तुमचे हात नेहमीच गरम असतात का हो?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि प्रांजलला वाटलं, समोरची लिफ्ट उघडावी, आपण आत शिरावं आणि थेट तळघरात जाऊन बसावं. पण लिफ्ट कुठल्याशा मजल्यावर अडकलेली. मागे खुर्च्यांच्या रांगेत तिची मैत्रीण शर्मिष्ठा तोंडावर ओढणी दाबून हसत होती. आणि समोर तो... निळ्या गणवेशातला, उंच, एका कानाला मास्क लोंबकळणारा तो, तिच्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू तिने त्याला रेल्वेचं वेळापत्रक विचारलंय.

पैज शर्मिष्ठाचीच. मुलुंडच्या त्या हॉस्पिटलात आजोबांसाठी थांबलेल्या पप्पांचा डबा घेऊन दोघी आल्या होत्या. आयसीयूच्या दाराला गोल काच होती आणि काचेतून तो दिसत होता. प्रत्येक पेशंटपाशी जायचा, दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासायचा, मगच पेशंटला हात लावायचा.

"बघ ना यार, शेकोटीपुढे बसल्यासारखा घासतोय," शर्मिष्ठा म्हणाली होती. "जा, विचार त्याला. हात नेहमीच गरम असतात का म्हणून. नाही विचारलंस तर तू जन्माची भित्री."

आता दुसरा कुठला शब्द असता तर प्रांजलने सोडूनही दिला असता. पण भित्री? घरात लहानपणापासून हेच ऐकत आलेली ती. शाळेतल्या तपासणीत सुई बघूनच आडवी झाली, विळीवर आईचं बोट कापलं तेव्हा आईआधी हीच रडली. भांडुपच्या त्यांच्या अख्ख्या चाळीला हे किस्से तोंडपाठ. पप्पांनी तर तिच्यासाठी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मुक्रर केलं होतं, कारण त्यांच्या मते कॉम्प्युटरमधून रक्त येत नाही. पण आता बारावी संपली होती, गेल्याच महिन्यात ती अठराची झाली होती, केस खांद्यापर्यंत कापले होते आणि मीटरवरून रिक्षावाल्यांशी भांडायला लागली होती. त्यामुळे तो बाहेर आल्याबरोबर ती उठली आणि विचारून मोकळी झाली.

"गरम?" तो म्हणाला. "नाही हो. उलट बर्फ असतात. आत एसी किती थंड आहे. तसेच लावले तर पेशंट दचकतो, म्हणून घासतो." मग थोडं थांबून, "पण तुम्हाला कसं कळलं, गरम आहेत ते?"

"अं... अंदाज."

"लांबून?"

"माझे अंदाज लांबूनच बरे येतात," प्रांजल म्हणाली, आणि आपण हे बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

तो हसला. मास्क खाली होता, त्यामुळे सगळंच्या सगळं हसू दिसलं. डाव्या गालावर एक खळी पडत होती. एकच. दुसरी जणू घरी विसरून आला होता.

"तुम्ही धोंडू आजोबांची नात ना? मी निहार. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या इथे पोस्टिंग आहे. तुमच्याशी बोलायचंच होतं. तुमचे आजोबा मला हात लावू देत नाहीत."

प्रांजलचं हसू मावळलं. कारण ती गोष्ट खरी होती, आणि हसण्यासारखी मुळीच नव्हती.

आबांची बायपास होऊन गेली होती. ऑपरेशन उत्तम झालं होतं. पण आत साठणारं पाणी काढायला छातीत दोन नळ्या घातल्या होत्या, त्या आता काढायच्या होत्या, आणि आबा काढू देत नव्हते. शेजारच्या बेडवरच्या गृहस्थांची नळी काढताना ते ओरडले, ते आबांनी ऐकलं आणि तिथून सगळं बिघडलं. कोणी जवळ आलं की अंग आखडून घ्यायचे. दुखेल म्हणून खोकत नव्हते, श्वास वरचेवर घेत होते. डॉक्टरांनी पप्पांना सरळ सांगितलं होतं: नळ्या राहिल्या तर जंतू धरतील, आजोबा असेच पडून राहिले तर छातीत कफ भरेल, मग पुन्हा श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल. आणि या वयात मशीनवरून परत येणं सगळ्यांनाच जमतं असं नाही.

"दुखण्याचं इंजेक्शन देणारच आहोत," निहार म्हणाला. "पण इंजेक्शन भीतीला लागू पडत नाही ना. आमच्या वसुधा सिस्टर अशा कामांच्या आधी पेशंटच्या हातापायांना मसाज द्यायला लावतात. अंग सैल पडलं की दुखणंही थोडं कमी जाणवतं. थोडंच. पण त्या थोड्याने खूप फरक पडतो. तुमच्या हातचं ते घेतील कदाचित. शिकाल?"

प्रांजलच्या मनात आलं, आयसीयू... सुया... रक्ताच्या बाटल्या... वाट लागली.

"शिकेन," ती म्हणाली.

*

धडा झाला आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर, दुपारी, निहारच्या जेवणाच्या सुट्टीत. त्याने बाही वर केली आणि हात तिच्यापुढे धरला.

"करा."

"तुमच्या हातावर?"

"मग काय खुर्चीच्या?"

प्रांजलने सॅनिटायझर चोळलं, निहारसारखे तळवे घासले आणि त्याचा हात हातात घेतला. छातीत कोणीतरी लेझीम खेळायला लागलं. तिने चेहरा मात्र असा ठेवला, जणू रोज सकाळी उठून ती हेच करते.

"हळू... जोर नको. कणीक मळत नाहीये आपण. अंगठे तळव्याच्या मधून बाहेर न्या. हां. आता बोटं, एकेक. मुळापासून टोकापर्यंत. एक हात उचलला तरी दुसरा पेशंटवरच राहू दे. मध्येच दोन्ही हात सुटले की माणसाला वाटतं, हा गेला सोडून."

"तुम्ही कोणाला असं मध्येच सोडलंय का कधी?"

"पेशंटला?"

"पेशंटलाच विचारलं मी," प्रांजल खाली बघत म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं?"

निहार खाकरला. कानाची पाळी लाल झाली होती.

"तेल घ्यायचं ते दोन थेंब," तो घाईघाईने धड्यावर परत आला. "फक्त हात आणि पाय. सुई लावलेला हात सोडून. कळलं ना तुम्हाला?"

"एक सांगू? हे 'तुम्ही तुम्ही' बंद करा. मला उगाच कोणाची तरी मावशी झाल्यासारखं वाटतंय. कुठे राहता?"

"विलेपार्ल्याला."

"तरीच," प्रांजल म्हणाली. "आमच्या भांडुपला दुसऱ्या वाक्याला अरे-तुरे करतात. तू म्हण."

"तू... पण मग तूही म्हण."

"म्हटलं की मघाशीच. मनात."

पार्ल्याचा मुलगा नर्सिंगला कसा, हेही तिने विचारून घेतलं. तो म्हणाला, घरात सगळे इंजिनिअर, बाबा अजूनही पाहुण्यांना 'निहार मेडिकलला आहे' एवढंच सांगतात आणि पुढचं बोलणं चहावर नेतात. हे सांगताना तो हसत होता, पण त्याचा हात तिच्या हातात होता, आणि बोटं किंचित आवळली गेली ती तिला कळली. हाताला खोटं बोलता येत नाही, हे तिला त्या दिवशी समजलं.

*

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला प्रांजल गाऊन-टोपी घालून आबांपाशी उभी राहिली. पर्समध्ये गावच्या घाण्यावरच्या खोबरेलाची बाटली होती.

आणि इथेच गोची झाली.

दोन थेंब म्हणजे किती, हे कोकणातल्या माणसाला कोण समजावणार? प्रांजलच्या घरात तेल थेंबाने मोजत नाहीत, ओंजळीने घेतात. बाळ जन्मलं तेल, पाय मुरगळला तेल, सर्दी झाली छातीला तेल. आणि लावायचं तर टाळूपासून तळव्यापर्यंत, नाहीतर लावणाऱ्याला प्रेम नाही असा सरळ अर्थ.

"काय गो, ह्यां काय हाडलंस?" आबांनी नाक उचललं. वासाने त्यांचे डोळे उघडले होते. "गावचा तेल?"

"हो आबा. जरा हात द्या."

आबांनी हात दिला. चार दिवस कोणालाही न दिलेला हात. प्रांजलने तळवा चोळला, बोटं चोळली. आबांनी डोळे मिटले. "आवशीन लावलेला असां तेल, ल्हान असताना," ते पुटपुटले. त्यांना आई आठवली हे बघून प्रांजलला असं भरून आलं की तिने आणखी ओंजळभर तेल घेतलं. मनगट, कोपर, दंड... आबांचा श्वास लांब व्हायला लागला. मग खांदे. जखमेच्या पट्टीपासून चांगली लांब राहिली ती, तेवढी अक्कल होती. पण खांद्याखालून, बरगडीच्या कडेने तिने मनापासून तेल जिरवलं. तिथे छोटे गोल स्टिकर चिकटवलेले होते आणि त्यांच्या वायरी मॉनिटरला जात होत्या. हे काय ते तिने पाहिलं. त्याचं काय होणार, याचा विचार केला नाही.

एक स्टिकर सुळकन घसरला. मग दुसरा.

मॉनिटरवरची उड्या मारणारी हिरवी रेघ आडवी झाली. सपाट. आणि अलार्म असा कोकलला की अख्खा आयसीयू धावला. वसुधा सिस्टर पुढे, डॉक्टर मागे, कोणीतरी औषधांची ट्रॉली ढकलत. प्रांजलच्या हातातून बाटली गळाली. आबा डोळे मिटून निपचित. तिला वाटलं... आबा गेले. माझ्या हातून गेले.

आबांनी एक डोळा उघडला.

"काय झाला गो? कोण मेलो?"

कोणी हसलं नाही. म्हणजे, आधी नाही. वसुधा सिस्टरांनी आबांची नाडी पकडली, घसरलेला स्टिकर दोन बोटांत धरून वर उचलला, आणि त्यावरून तेलाचा एक टपोरा थेंब पांढऱ्या चादरीवर पडला.

"कोणी शिकवलं हिला?" त्यांचा आवाज मोठा नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली.

"मी, सिस्टर," निहार पुढे आला. "मॉनिटरच्या स्टिकरांबद्दल सांगायचं माझ्याकडून राहिलं."

"नाही," प्रांजल म्हणाली. "त्याने दोन थेंब सांगितलं होतं, आणि फक्त हात-पाय. मीच ऐकलं नाही. चूक माझी आहे."

वसुधा सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे. मग मॉनिटरची बटणं दाबून मागचे आकडे पाहत राहिल्या. बराच वेळ.

"बीपी खाली आलंय यांचं," त्या शेवटी डॉक्टरांना म्हणाल्या. "आल्यापासून पहिल्यांदा इतकं शांत." आणि प्रांजलकडे वळून, "उद्या सकाळी नळ्या काढायच्या आहेत. तू ये. बाटली येणार नाही. तेल मी देईन, ड्रॉपरने."

*

सकाळी पप्पा आणि आई बाहेर बसले. पप्पा सारखे म्हणत होते, "प्रांजू, तुला झेपणार नाही गं, आत चक्कर येऊन पडशील, त्यांना दोन पेशंट होतील." आईने नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आत एसी नेहमीसारखाच गारठलेला. प्रांजलचे हात लाकडासारखे झाले होते. तिने घासले, पुन्हा घासले. काही उपयोग होईना. भीतीचा गारवा घासून जात नाही.

निहार बेडच्या पायाशी उभा होता. त्याने इकडे तिकडे बघितलं, तिच्याजवळ आला आणि काहीही न बोलता तिचे दोन्ही हात आपल्या तळव्यांत घेतले. घट्ट. तिच्या बोटांत मुंग्या आल्या, मग ऊब... मग ती ऊब कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, कुठे कुठे गेली कोण जाणे.

"घाबरलीयस?"

"खूप."

"मीही. मला आज पहिल्यांदाच डॉक्टरांसोबत मदतीला घेतलंय."

"हे आत्ता सांगतोस?"

"तू खरं सांगितलंस, मग मीही सांगितलं."

इंजेक्शन देऊन झालं होतं. निहारने आबांचे पाय घेतले, प्रांजलने हात. दोन थेंब. खरोखरीचे दोन. आबांनी आधी हात ओढून घेतला.

"ऱ्हवांदेत त्यो नळ्यो थंयच," ते म्हणाले. "तो बाजूचो कसो बोंबाललो, आयकलंस मा?"

"ऐकलं, आबा. दुखेल. मी नाही म्हणणार नाही. पण मी इथेच आहे, हात सोडणार नाही. मला तुमच्या कापडमिलचं सांगा ना. तुम्ही पहिल्यांदा मागावर उभे राहिलात तेव्हा घाबरला होता?"

आबांनी हात हळूच परत दिला. प्रांजलचे अंगठे तळव्याच्या मधून बाहेर जात राहिले. हळू, पुन्हा हळू.

"पळान गेललंय," आबा अचानक म्हणाले. "पयल्या दिवशी. आवाजाक भियालंय."

"काय सांगता? मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी परत गेलंय. पोटाक काय खातलंय?"

तिने बोटं एकेक करून घेतली. आबा मिलचं सांगत राहिले. कापसाची धूळ, डबा वाटून खाणारे सोबती, त्यांची नावं, त्यांच्या खोड्या. आवाज मंद होत गेला. खांदे गादीला टेकले. तिकडे पावलांवर निहारचे हात त्याच लयीत फिरत होते, आणि एका क्षणी प्रांजलला वाटलं, आबांच्या अंगातून ती लय तिच्यापर्यंत येतेय. दोघांनी एकाच वेळी वर पाहिलं. मग एकाच वेळी खाली.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मोठा श्वास घ्या... आणि धरून ठेवा."

आबांची बोटं तिच्या हातात करकचून आवळली. प्रांजलने पाहिलं. तिने मान वळवली नाही. नळी बाहेर आली, रक्ताने माखलेली, लांबलचक. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने मागचं स्टूल पायाने ओढलं, बसली, पण अंगठा थांबला नाही. मग दुसरी नळी. आबांच्या तोंडून एक लांब 'आई गे' निघालं आणि संपलं.

"झाला?"

"झालं, आबा."

आबांनी डोळे उघडले. कडेने पाणी ओघळत होतं. "दुखला. पण सोसवला." मग पायाशी उभ्या निहारकडे बघत, "ह्यो झील बरो आसा. पाय सोडूक नाय त्यान."

निहारच्या कानाची पाळी पुन्हा लाल. वसुधा सिस्टर पट्टी लावता लावता म्हणाल्या, "आता खोका बघू, आजोबा." आणि आबा खोकले, खणखणीत. आयसीयूत इतका सुंदर आवाज प्रांजलने ऐकला नव्हता.

*

आबा वॉर्डात आले, चालायला लागले, सिस्टरांना गावच्या भुताच्या गोष्टी सांगायला लागले. घरी जायच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. प्रांजल आणि निहार हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर कोकम सरबताच्या गाडीपाशी उभे होते. हातात गार ग्लास.

"माझं पोस्टिंग बदलतंय," निहार म्हणाला. "सोमवारपासून मुलांचा वॉर्ड. म्हणजे तसं विशेष काही नाही, पण म्हटलं कळवावं, कारण एकंदरीत पाहता आपली जी काही... ओळख..."

"निहार."

"हं?"

"पार्ल्याहून भांडुपला यायला इतका वळसा घालतात का? सरळ बोल ना."

त्याने ग्लास खाली ठेवला. तळवे एकमेकांवर घासले, भर उन्हात, बहुतेक सवयीने.

"मला तू आवडतेस."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? रात्रभर पाठ केलंय मी."

"मला तर तू तेव्हापासून आवडतोस," प्रांजल म्हणाली, "तू माझी चूक स्वतःवर घेतलीस ना, तेव्हापासून. राग पण आला होता. माझी चूक होती ती, माझ्याकडेच राहू दे म्हटलं." मग तिने एक मोठा घोट घेतला. "आणि अजून एक. मी नर्सिंग करणार आहे."

निहारचा चेहरा उजळला आणि लगेच गंभीर झाला. "प्रांजल... माझ्यासाठी नको हं करूस. खूप कष्ट आहेत. पाय तुटतात. लोक धड बोलत नाहीत. मी सोबत असेन नसेन..."

"तुझ्यासाठी मी फार तर सरबत पाजेन," ती म्हणाली. "नर्सिंग माझ्यासाठी. आबांनी बोटं आवळली ना, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझे हात कशासाठी आहेत. ते तू नाही दिलंस मला. तू फक्त दोन थेंब सांगितलेस. ते पण मी ऐकले नाहीत."

तो हसला. एका खळीचं ते हसू. मग त्याने हात पुढे केला, आणि रस्त्यावर इतकी माणसं असताना, गाडीवाला टक लावून बघत असताना, प्रांजलने तो धरला. गरम होता. पण मे महिन्यात मुलुंडला काय गार असतं?

*

त्या संध्याकाळी घरात चहा झाला होता. आबा खिडकीशी आरामखुर्चीत, आई भाजी निवडत होती, पप्पा मोबाइलवर इंजिनिअरिंगची कॉलेजं बघत होते. "प्रांजू, हे बघ, ऐरोलीला कॉम्प्युटरच्या सीट वाढल्यात," ते म्हणाले.

प्रांजल त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"पप्पा, मोबाइल ठेवता जरा? आई, तू पण ऐक. मला दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली सोपी आहे. रविवारी निहार येणार आहे आबांना भेटायला. मला तो आवडतो, त्यालाही मी आवडते. घाई कसलीच नाही. तुम्ही त्याला बघा, बोला, काय विचारायचं ते विचारा."

आईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. पप्पांनी चष्मा काढला. "आणि ही सोपी?"

"हो. दुसरी अवघड आहे. मी कॉम्प्युटरला जाणार नाही. मी नर्सिंगला जाणार."

"तू?" पप्पा म्हणाले. रागापेक्षा त्यात काळजीच जास्त होती. "अगं, रक्त बघून तू... आणि लोकांची उष्टी-खरकटी, घाण... तो झील नर्स आहे म्हणून हे डोक्यात आलंय का?"

"तो उद्या पायलट झाला तरी मी नर्सच होईन," प्रांजल म्हणाली. "रक्ताची भीती मला अजून वाटते, पप्पा. गेली नाहीये ती. पण त्या दिवशी ती होती, आणि तरी माझे हात चालू राहिले. तुम्ही बाहेर होतात, तुम्ही नाही पाहिलं. आबांना विचारा."

आबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी नुसता आपला उजवा हात उचलला, मुलाकडे बघितलं आणि मान डोलावली.

पप्पांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. आईने मेथीची काडी खाली ठेवली.

"उद्या सकाळी मी नर्सिंग कॉलेजात चौकशीला चाललेय," प्रांजल म्हणाली. "तुम्ही दोघं आलात तर मला खूप आवडेल. नाही आलात तरी मी जाणार आहे."